‘प्लॅनिंग कमिशनर’ला मराठीत काय म्हणावं? ‘आयुक्त’ पटत नाही

परसबाग

मी कॅलिफोर्नियात राहते. गेल्या वर्षी आमच्या शहराच्या प्लॅनिंग कमिशनवर माझी नेमणूक झाली. सांगलीला आईला फोनवर सांगताना तिला कळावं म्हणून मीच ‘नियोजन आयुक्त’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला माहीत, पोरगी आयुक्त झाली. तिचा आनंद मी मोडला नाही, पण तेव्हापासून चुटपुट लागून राहिली आहे. आयुक्त म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर महापालिकेची इमारत येते, केबिनबाहेरचा शिपाई येतो, सहीसाठी थांबलेल्या फायली येतात. मी मात्र महिन्यातून दोनदा, संध्याकाळी नोकरीवरून येऊन, पोळी-भाजी खाऊन सिटी हॉलमध्ये जाते. तिथे आम्ही सातजण बसतो: एक शाळेतल्या बाई, एक निवृत्त सुतार, एक वकील, असे. पगार नाही. काही शहरांत बैठकीमागे नाममात्र मानधन असतं, आमच्याकडे तेही नाही. नगरपरिषद आम्हाला ठरावीक मुदतीसाठी नेमते.

काम काय, तर जमीनवापराचे अर्ज ऐकणं. कुणाला घराच्या जागी पाळणाघर चालवायचं असतं, कुणाला हद्दीपासून सोडायच्या अंतरात सवलत हवी असते, कुणी जुन्या दुकानांच्या जागी चार मजली घरं बांधणार असतो. पगारी नगररचनाकार अहवाल तयार करतात, आम्ही तो वाचतो, जागा पाहून येतो, लोकांचं ऐकतो आणि सर्वांसमोर मत देतो. काही अर्जांवर आमचा निर्णय असतो आणि त्यावर नगरपरिषदेकडे अपील करता येतं. शहराचा सर्वसाधारण आराखडा बदलायचा असेल तर आम्ही फक्त शिफारस करतो.

आता निमित्त. इथल्या मराठी शाळेत मुलांना सोडायला आजी-आजोबा येतात. त्यांच्यासाठी मला एक पानाचं पत्रक काढायचं आहे, की या बैठकांना तुम्हीही येऊ शकता, बोलू शकता. पहिल्याच ओळीत अडले. कमिशनर म्हणजे काय लिहू? ‘व्हॉलंटियर’साठी ‘स्वयंसेवक’ चालेल? आणि ‘स्थानिक विकासात नागरिकांचा सहभाग’ हे वाक्य लिहून पाहिलं, तर ते सरकारी फलकावरचं वाटलं. कुणी वाचणार नाही.

टाकसाळ

‘आयुक्त’ शब्दावर अन्याय नको. ‘युज्’ धातू, म्हणजे जोडणं, जुंपणं. आयुक्त म्हणजे कामाला जुंपलेला, नेमलेला. अशोकाच्या तिसऱ्या शिलालेखात ‘युत’ नावाचे अधिकारी येतात, ते याच घराण्यातले. ‘उपयुक्त’ हेही एकेकाळी अधिकाऱ्याचं नाव होतं, आज त्याचा अर्थ कामाचा, उपयोगी एवढाच उरला. इंग्रजी शब्दाचं मूळही लॅटिनमध्ये ‘सोपवणं’ असंच आहे. तेव्हा व्युत्पत्तीनं दोन्ही शब्द सख्खे आहेत.

पण पत्रक व्युत्पत्ती वाचणाऱ्यांसाठी नाही, हे मान्य. मुंबईला १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला, तेव्हापासून आपल्याकडे कमिशनर म्हणजे एकटा, वरून आलेला, सही करणारा माणूस. पोलीस आयुक्त, विभागीय आयुक्त, आयकर आयुक्त, सगळे त्याच साच्यातले. तुमच्याकडे सात शेजारी मिळून एक कमिशन होतं. तो अर्थ या शब्दात आता शिरणार नाही.

‘नियोजन आयोग’ तर त्याहून अडचणीचा. १९५० ते २०१४ दिल्लीत जो होता आणि ज्याच्या जागी १ जानेवारी २०१५ला नीती आयोग आला, तोच डोळ्यांपुढे येईल. पंचवार्षिक योजना, राज्यांचे निधी. कोपऱ्यावरच्या पाळणाघराशी त्याचा काय संबंध?

गावठाण

मी नगररचना खात्यात नोकरी केली, म्हणून थोडं लांबण लावतो. माफ करा.

तुमच्या कमिशनच्या जवळचं आपल्याकडे काही असेल तर १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातली नियोजन समिती. शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की कलम २६ खाली हरकती व सूचना मागवतात आणि त्या ऐकायला कलम २८ खाली ही समिती बसते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे चारपर्यंत जाणकार. बाहेरची माणसं निर्णयाच्या टेबलाशी बसतात, एवढं साम्य. फरक असा की आपली समिती आराखड्यापुरती असते, सुनावण्या संपल्या की समिती संपली. तुमची कायमची. शेजाऱ्याचा मजला वाढत असेल तर आपल्याकडे त्यावर सार्वजनिक सुनावणी होत नाही, नकाशा बांधकाम परवानगी विभागात मंजूर होतो आणि पायाचा खड्डा खणला की आपल्याला कळतं.

शब्दांबद्दल सांगायचं तर ‘हरकत’ पाहा. अरबीत त्याचा अर्थ हालचाल. हिंदीत तो वागण्याकडे, खोडीकडे गेला. गाण्यात हरकत म्हणजे सुरांची चपळ जागा. मराठीत मात्र अडथळा, आक्षेप. सुनावणीला लोक यायचे ते हरकत घेऊनच यायचे, हातात सातबारा आणि मोजणीचा नकाशा, माझ्या प्लॉटवरचं आरक्षण उठवा. बरोबरच आहे, जमीन त्यांची. पण ‘हरकती व सूचना’ या जोडीतली ‘सूचना’ कुणी आणायचं नाही. एकदा एक बाई आल्या. त्यांचा एक गुंठाही आराखड्यात नव्हता. म्हणाल्या, बाजाराच्या रस्त्यावर बायकांसाठी मुतारी कुठे दाखवलीय ते सांगा. समितीनं नकाशा उलटसुलट केला. नव्हतीच. त्या दिवशी मला ‘सूचना’ या शब्दाचा अर्थ कळला.

आणि तोच शब्द ‘जाहीर सूचना’ म्हणजे नोटीस या अर्थानंही वापरतात. लोकांना वाटतं सूचना सरकारनं द्यायची असते, आपण ती ऐकायची. पत्रकात ‘सूचना’ लिहिणार असाल तर कुणी कुणाला द्यायची ते स्पष्ट लिहा.

ओवरी

‘पंच’ का नको? ‘नगररचना पंच’. गावातली चार शहाणी माणसं पारावर बसून दोन्ही बाजू ऐकतात, पगार घेत नाहीत. छोटा शब्द, आजोबांना लगेच कळेल.

वेशीबाहेर

ओवरी, तुमच्या मनातलं चित्र चांगलं आहे, पण ते सगळ्यांच्या मनात नाही. आमच्या घरात ‘पंच बसले’ म्हटलं की आजीचा चेहरा बदलायचा. जातपंचायतीनं वाळीत टाकलेली कुटुंबं महाराष्ट्रात इतकी होती की २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. पारावर कोण बसायचं आणि कोण लांब उभं राहायचं हे ठरलेलं होतं. जिथे कुणीही रहिवासी उठून माइकपाशी जाऊ शकतो आणि कुणीही रहिवासी अर्ज करून त्या खुर्चीत बसू शकतो, त्या जागेला हा शब्द नको. शिवाय पंचनाम्यातला पंच साक्षीदार, क्रिकेटमधला पंच वेगळाच.

ओवरी

पटलं. मागे घेतो.

परसबाग

वेशीबाहेर, हे लिहिलंत, बरं केलंत. मी ‘पंच’वर जवळजवळ आले होते.

मग ‘मंडळ’ की ‘समिती’? इथे मंडळ म्हटलं की महाराष्ट्र मंडळ, गणपती आणि दिवाळीचा कार्यक्रम. समिती बरी. गावठाण म्हणतात तसं कायद्यातही तो शब्द या कामाला लागलेला आहे.

‘व्हॉलंटियर’चं अजून सुटत नाही. स्वयंसेवक म्हटलं की छातीला बिल्ला लावून पाणी वाटणारा, रांग लावणारा माणूस दिसतो. तो मान्यच आहे, पण तो मत देत नाही. ‘मानद’मध्ये मान आहे, काम नाही, मानद सदस्य समारंभाला येतात. ‘बिनपगारी’ अर्थानं अचूक, पण त्याच्यामागे लोक ‘फुल अधिकारी’ जोडतात आणि उगाच लुडबूड करणारा असा टोमणा त्यात बसलेला आहे.

टाकसाळ

एका शब्दाचा हट्ट कशाला? ‘पगार न घेता हे काम करणारे तुमच्या-आमच्यातले रहिवासी’ असं सरळ लिहा. मराठीत पुष्कळदा वाक्य शब्दापेक्षा चांगलं काम करतं. ‘महापौर’ रुजला तो सावरकरांनी सुचवल्यावर आणि रोज छापून येऊन. तुमच्या पत्रकाला तेवढा अवधी नाही.

दूरदेशी

सगळे ‘आयुक्त’वर बोलता आहात, मला ‘नागरिक’ खटकतो. मी न्यू जर्सीत अकरा वर्षं आहे, व्हिसावर. ‘नागरिकांचा सहभाग’ वाचलं की मी पुढे वाचत नाही, कारण मी इथला नागरिक नाही. मूळ शब्द खरं तर नगराचा, नगरात राहतो तो नागरिक. त्या अर्थानं मी पक्का नागरिक आहे. पण आज त्याचा अर्थ पासपोर्टाशी बांधला गेलाय. नातवंडांसाठी सहा महिने आलेल्या आजीला तर वाटेल, आपला काय संबंध. ‘रहिवासी’ लिहा.

परसबाग

दूरदेशी, हा मुद्दा मला सुचलाच नव्हता आणि पत्रकात हाच सगळ्यात मोठा ठरेल. बोलण्यासाठी इथे नागरिकत्व लागत नाही. कॅलिफोर्नियात १९५३चा ब्राऊन कायदा आहे. नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, विषयावर निर्णय होण्याआधी लोकांना बोलू द्यावं लागतं, आणि हजेरीवहीत नाव लिहिण्याची सक्ती करता येत नाही. मागच्या महिन्यात एक आजोबा हॉलच्या दारापर्यंत येऊन परत गेले. टेबलावर वही दिसली, त्यांना वाटलं ओळखपत्र मागतील. मी आत खुर्चीवर होते, उठता आलं नाही.

दुसरं, अशा सुनावणीची नोटीस जागेपासून ३०० फुटांतल्या मालमत्ताधारकांना किमान दहा दिवस आधी टपालानं जाते. म्हणजे घरमालकाच्या नावानं. भाड्यानं राहणाऱ्याला ती मिळेलच असं नाही, आणि मुलाच्या घरी राहणाऱ्या आई-वडिलांच्या हाती ते पाकीट पडलं तरी ते न उघडता मुलाच्या टेबलावर ठेवतात. माझ्याही घरी हेच होत होतं.

खुर्चीत बसायचं असेल तर मात्र शहराप्रमाणे नियम वेगळे. काही शहरांत नोंदणीकृत मतदार असावं लागतं, काहींत रहिवासी असणं पुरतं.

मांडवी

गोव्यातून. आमच्याकडे हे शब्द लोकांच्या तोंडी आले ते प्रादेशिक आराखड्याच्या वेळी. २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोकांनी रस्त्यावर येऊन हाणून पाडला, २००७च्या जानेवारीत सरकारला तो मागे घ्यावा लागला. पुढच्या, २०२१पर्यंतच्या आराखड्याचे नकाशे गावोगावच्या पंचायतींकडे पाठवले गेले. तोपर्यंत ‘झोन’ हा शब्द वकिलांचा आणि दलालांचा होता. मग ग्रामसभेत मासे विकणारी बाईही विचारायला लागली, आमचं भाताचं शेत कुठल्या झोनात घातलंय? कुणी तिला ‘सहभागी व्हा’ असं सांगितलं नव्हतं. तिच्या शेताचा रंग नकाशावर तिला दिसला, एवढंच. पत्रकात भाषेबरोबर एखादा नकाशाही द्या.

गावठाण

मांडवींचं बरोबर आहे. आणि ‘लोकसहभाग’ हा शब्द टाळा. आपल्याकडे त्याचा अर्थ बदललाय. ‘लोकसहभागातून शाळेची रंगरंगोटी’ अशी बातमी असते, म्हणजे वर्गणी. पाणी योजनेत लोकसहभाग म्हणजे गावानं भरायचा हिस्सा. लोकांना वाटेल पैसे मागायला आले. ‘स्थानिक विकास’ही नको, त्यानं आमदार निधी आठवतो. आणि ‘विकास’ एकट्यानं आला की बांधणाऱ्याच्या बाजूचा वाटतो. ‘विकसक’ त्यातूनच निघालाय. सरळ ‘आपल्या भागात काय बांधलं जाणार’ असं लिहा.

सहभागाची पायरी कोणती हेही मनाशी ठरवा. शेरी आर्नस्टाइन या अमेरिकन बाईंनी १९६९ साली सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. खालच्या पायऱ्यांवर लोकांची नुसती समजूत घालतात, मध्ये माहिती देतात, सल्ला घेतात, आणि अगदी वर लोकांच्या हाती निर्णय असतो. मराठीत या सगळ्यांना आपण एकच शब्द लावतो, म्हणून घोळ होतो. सभेला बसवून चहा पाजला तरी सहभाग, आणि आराखडा बदलून घेतला तरी सहभाग.

वेशीबाहेर

एक शंका. समितीतल्या माणसाचं स्वतःचं घर त्या जागेजवळ असेल तर? लोकांचा विश्वास तिथेच बसतो किंवा उडतो.

परसबाग

५०० फुटांच्या आत स्वतःची मालमत्ता असेल तर हितसंबंध आहे असंच धरतात. तो विषय आला की कारण जाहीर सांगून खोलीबाहेर जायचं, मत द्यायचं नाही. दरवर्षी स्वतःच्या मिळकतीचं विवरणही भरावं लागतं आणि ते कुणालाही मागून पाहता येतं. या बाहेर जाण्याला मराठीत नेमका शब्द मला मिळाला नाही. ‘अलिप्त राहणे’ फार संन्यासी वाटतं.

टाकसाळ

‘त्या विषयापुरते उठून जातात.’ बास.

परसबाग

तुम्हा सगळ्यांच्या आधारानं मसुदा केला आहे. ‘प्लॅनिंग कमिशन’ मी तसंच ठेवलं, कारण सिटी हॉलच्या दारावर तीच पाटी आहे आणि वॉचमनला विचारायचं तर तोच शब्द लागेल. समजावताना ‘नगररचना समिती’. आयुक्त कुठेही नाही.

“तुमच्या घराजवळ काय बांधलं जाणार, हे शहराची नगररचना समिती ठरवते. इथे तिला प्लॅनिंग कमिशन म्हणतात. समितीतले सातहीजण याच शहराचे रहिवासी आहेत आणि पगार न घेता हे काम करतात. एखाद्या विषयाजवळ त्यांचं स्वतःचं घर असेल तर ते त्या विषयापुरते उठून जातात. बैठक सर्वांसाठी खुली आहे. नागरिकत्वाची अट नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही. बोलायला तीन मिनिटं मिळतात. मराठीत बोलायचं असेल तर आधी कळवा, दुभाष्याची सोय करायचा प्रयत्न करू. घरी शहराकडून पाकीट आलं तर कृपया उघडून पाहा. हरकत असेल तर सांगा, आवडलं असेल तर तेही सांगा, आणि काही राहून गेलं असेल तर ते आधी सांगा. अगत्य येण्याचं करावं.”

शेवटची ओळ लग्नपत्रिकेतली आहे हे मला कळतं. तरी ती ठेवायची आहे. खाली आमच्या भागाचा नकाशा छापते आहे, मांडवींच्या सांगण्यावरून. वाचून चुका सांगा, शुक्रवारी छापायला देते.

गावठाण

‘ठरवते’ सगळीकडे खरं नाही, तुम्हीच वर लिहिलंत की आराखड्यावर फक्त शिफारस असते. ‘ठरवते किंवा नगरपरिषदेला शिफारस करते’ करा. बाकी जाऊ द्या छापायला.