शेवटचा खिळा आणि डोईपट्टी
रेल्वे बांधून देण्याच्या वचनावर ब्रिटिश कोलंबिया हा पश्चिम किनाऱ्यावरचा प्रांत १८७१ साली कॅनडात सामील झाला. पण ते वचन कोणाच्या घामावर पाळलं गेलं, तेही सांगायला हवं. फ्रेझर नदीच्या घळीत सुरुंग लावून कडे फोडायला हजारो चिनी मजूर होते. ७ नोव्हेंबर १८८५ला याच प्रांतातल्या क्रेगेलाकी इथे रेल्वे कंपनीचा एक संचालक डोनाल्ड स्मिथ याने रुळांचा शेवटचा खिळा ठोकला. पहिला वाकला, म्हणून दुसरा घ्यावा लागला. त्या प्रसिद्ध फोटोत एकही चिनी चेहरा दिसत नाही, हे मला फार लागतं. त्याच वर्षी कॅनडात येणाऱ्या चिनी माणसांवर माणशी ५० डॉलरची डोईपट्टी बसली. १९०३पर्यंत ती ५०० झाली. चिनी लोकांना प्रांतात मतदानाचा हक्क मिळाला तो थेट १९४७ साली. आपल्या भारतीयांचा १९०७ला काढून घेतलेला हक्कही तेव्हाच परत आला.