लाजेने चेहरा लाल होतो तेव्हा... तुमचे अनुभव सांगा

परवा भर बैठकीत साहेबांनी माझं कौतुक केलं आणि कानाच्या पाळ्या एकदम तापल्या. शेजारचा कुजबुजला, "अरे, किती लाल झालास!" झालं, लाली गळ्यापर्यंत उतरली. लाज वाटली की अनुकंपी मज्जासंस्था (ताणाच्या वेळी शरीराला आपोआप सावध करणारी नसांची यंत्रणा) जागी होते, चेहऱ्याच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त येतं. ठरवून थांबवता येत नाही. तुमचं काय होतं? मोकळेपणाने लिहा.

*

माझा रंग गडद, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. "तुला बरं आहे, तू लाजतच नाहीस," हे कितीदा ऐकलंय! गालाला हात लावून बघा म्हणावं, चटका बसेल.

*

सहावीत असताना वर्गात कुणाचं तरी पेन हरवलं. मी घेतलं नव्हतं. पण बाईंनी "कुणी घेतलं?" म्हणून एकेकाकडे बघायला सुरुवात केली आणि माझी पाळी यायच्या आतच माझा चेहरा पेटला. "बघा, चेहराच सांगतोय," बाई म्हणाल्या. दप्तर टेबलावर उपडं केलं, त्यात काही नव्हतं. तरी वर्षभर मुलं मला चोर म्हणत होती. पुढे कळलं, चार्ल्स डार्विन यांनी १८७२ सालीच लिहून ठेवलंय, की लाली अपराधाच्या जाणिवेने येत नाही, लोक आपल्याला अपराधी समजताहेत या विचाराने येते. ते वाचून मी रडले. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते.

*

तान्ही बाळं रडून लाल होतात, लाजून नाही. माझी लेक पाचव्या वर्षी पाहुण्यांसमोर गाणं विसरली, तेव्हा पहिल्यांदा तिचे गाल लाल झालेले पाहिले. लोक आपल्याबद्दल काय म्हणतील, हे तिला कळायला लागलं होतं.

*

मला तर लाल होण्याचीच भीती बसली होती. छातीतली मज्जातंतूंची साखळी कापायची शस्त्रक्रिया असते, तीही करणार होते. पण नंतर पाठीला, पोटाला भयंकर घाम सुटू शकतो असं कळलं, म्हणून थांबले. आता आधीच सांगून टाकते, "मी लाल होणार आहे, लक्ष देऊ नका." निम्मा ताण तिथेच जातो.

*

पेनचा अनुभव वाचून राहवलं नाही. मी शिक्षक आहे. एका मुलाला मीही नुसत्या चेहऱ्यावरून दोषी धरलं होतं. हरवलेली वही दोन दिवसांनी माझ्याच कपाटात सापडली. सगळ्या वर्गासमोर त्याची माफी मागितली, तेव्हा तो परत तितकाच लाल झाला होता.