मदत हवी आहे: वसतिगृहात कांजण्या. नोंद कशी ठेवू, कोणाला किती दिवस वेगळं ठेवू?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला एका कॉलेजात शिकवतो. मुलांच्या वसतिगृहाचा प्रभार जुलैपासून माझ्या गळ्यात आहे. ६४ मुलं, एका खोलीत चौघं, न्हाणीघरं सामाईक. पाच जणांना कांजण्या झाल्यात.

पहिला मुलगा गावीच आजारी पडला आणि खपल्या धरायच्या आधी परत आला. नंतर दोन आठवडे सगळं शांत. मला वाटलं, सुटलो. मग त्याच्या खोलीतले दोघं आणि समोरच्या खोलीतला एक, असे तीन दिवसांत तिघं.

पाचवा वर्गात सापडला. बाहेर ऊन रणरणतंय आणि हा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, कॉलरचं बटण लावून, पेनाच्या टोकाने पाठ खाजवत बसलेला. बाजूला घेतलं तर म्हणे, "काही नाही जी सर, घामोळ्या आहेत." कानामागे पाण्याने भरलेला फोड स्पष्ट दिसत होता. सोमवारपासून प्रॅक्टिकल, म्हणून तीन दिवस लपवून राहिला होता.

यात चूक माझीही आहे. नाव, खोली, ताप कधी, पुरळ कधी असं रजिस्टर आखलं होतं, आणि त्या पानाचा फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. संध्याकाळी तो मुलांच्या ग्रुपवर फिरत होता. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये एका पोराच्या बाजूला कोणी बसेना. मग पुढचा कशाला सांगायला येईल?

सध्या चौघांना पाहुण्यांच्या खोलीत ठेवलंय. दोन खाटा, दोघं खाली गादीवर, डबा खिडकीत ठेवतो. मेसच्या मावशींनी दाराला कडुनिंबाची डहाळी बांधली आणि "माता आली आहे" म्हणून रविवारची कोंबडी बंद केली. डहाळीला मी हात लावला नाही, पण कोंबडीवरून साठ पोरं माझ्यावर तापली आहेत.

प्राचार्यांच्या डोक्यात अजून कोविडचे चौदा दिवस आहेत. ते म्हणतात, सगळ्यांना एसटीत बसवा, घरी पाठवा. पण एका मुलाची वहिनी सहा महिन्यांची गरोदर आहे, एकाच्या घरी आठ दिवसांचं बाळ. दिवस कधीपासून मोजायचे? घरी पाठवणं बरोबर आहे का? आणि नाव न फुटता नोंद कशी ठेवायची?

प्रतिसाद १
मी बरीच वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली, त्यावरून सांगतो. तुम्ही दोन हिशोब एकत्र केलेत.

रोग्याचा हिशोब असा: पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून तो पसरवतो, ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. बहुतेकांना पाच ते सात दिवस लागतात. चौदाचा आकडा विसरा, रोज अंग बघा. नवा फोड नाही आणि जुना एकही ओला नाही, की सोडा.

सोबत्यांचा हिशोब वेगळा. लागण झाल्यापासून १० ते २१ दिवसांत पुरळ येतं, म्हणून तुमचे ते दोन शांत आठवडे. आज घरी पाठवलेला खोलीसोबती धडधाकट दिसेल आणि पंधरा दिवसांनी वहिनीजवळ फुटेल. गरोदर बाई आणि नवजात बाळ असलेल्या घरी तर अजिबात पाठवू नका. आधी कांजण्या झालेल्यांना सहसा परत होत नाहीत, ते विचारून वेगळे काढा. डबा पोचवायला त्यांनाच ठेवा.

आज केंद्रात कळवा. गोवर नाही ना, हे डॉक्टरांनी बघायला हवं: गोवरात आधी ताप, खोकला, लाल डोळे आणि मग चपटं पुरळ, कांजण्यांत खाजरे, पाण्याचे फोड, नवे-जुने एकाच वेळी. संशय असेल तर ते रक्ताचा नमुना घेतील. तापाला पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन नाही. या वयात आजार लहान मुलांपेक्षा जड जातो, म्हणून पुरळ दिसल्यापासून २४ तासांत डॉक्टर गाठला तर विषाणूविरोधी गोळी उपयोगी पडते. पोरांना हे सांगा, लपवणं कमी होईल. संपर्कानंतर तीन, फार तर पाच दिवसांत लसही देता येते, पण ती बहुतेक विकत घ्यावी लागेल.

नोंदीची वही एकच, कुलपात. ग्रुपवर फक्त आकडा. आणि कोंबडीने काही होत नाही.

प्रतिसाद २
चौघं आत कोंडले तं ठीक आहे, पण साठ जणायची कोंबडी बंद? खरा अन्याय तं हाच आहे बाप्पा.

धागाकर्ता
डॉक्टरसाहेब, खूप आभार. केंद्राच्या सिस्टर येऊन गेल्या, उद्या डॉक्टर येतायत. रजिस्टरमध्ये 'आधी झाल्या का' हा रकाना वाढवला. ३८ जण हो म्हणाले, अकरा जण आईला फोन करून सांगणार आहेत. फोटो ग्रुपवरून काढला, पण ज्यांनी बघायचा त्यांनी बघितलाच होता.

प्राचार्य बसचा हट्ट सोडायला तयार आहेत, प्रॅक्टिकलचं काय करू ते सांगा म्हणतात. आजारी मुलांना नंतरची बॅच मिळावी म्हणून विद्यापीठाकडे कोणी अर्ज केला असेल, तर मसुदा इथे टाका. सोमवारला चारच दिवस उरलेत.