बागेतल्या जुन्या झाडांभोवती ब्लॉक बसवले, आता शेंडे वाळताहेत

पायवाट: सार्वजनिक बागेतल्या मोठ्या झाडांना अगदी बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेत. खाली सिमेंट, शिवाय पातळी जुळवायला वीतभर भराव. शेंड्याच्या फांद्या वाळताहेत. कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. पाणी रोज मिळतं. खोडाचा घेर १९० सेंमी आहे. कुठपर्यंत उकरायचं?

मूळखोड: औषध फवारू नका, मुळं गुदमरली आहेत. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या ४५-६० सेंमी मातीत असतात, कारण हवा तिथवरच पोचते. पिवळेपणा बहुधा सिमेंटच्या चुन्यामुळे: माती अल्कधर्मी झाली की त्यातलं लोह झाडाला उचलता येत नाही. युरियाने हे सुधारणार नाही.

घेराला ३.१४ ने भागा, व्यास ६० सेंमी येतो. त्याच्या १२ पट, म्हणजे बुंध्यापासून सुमारे ७ मीटरपर्यंतची जमीन जपायची. एवढं मोकळं करणं जमत नसेल तर निदान २-३ मीटर तरी करा. सिमेंट पहारीने फोडा. जेसीबी आत येऊच देऊ नका, त्याच्या वजनाने उरलेली मातीही दबते. भराव खुरप्याने काढत जा. बुंधा रुंदावून मुळांत उतरतो ती जागा उघडी पडली की थांबा.

खतमाती: वरचं काढलं तरी खालची माती दगडासारखी दबलेली असते, हे विसरलं जातं. ती कुदळीने खणू नका. ५ सेंमी रुंद, ३०-४५ सेंमी खोल भोकं ६०-६० सेंमीवर पाडून कुजलेलं कंपोस्ट भरा. जाड मूळ लागलं तर भोक बाजूला सरकवा. मग ५ ते १० सेंमी पालापाचोळा पसरा, पण खोडापासून वीतभर लांब. खोडाला टेकलेला ओला पाला साल कुजवतो.

रोजचं पाणीही बंद करा. आठ-दहा दिवसांनी, फांद्यांच्या घेराच्या कडेला, ३० सेंमीपर्यंत मुरेल असं सावकाश द्या. आधी सळई खुपसून ओल बघा.

पायवाट: आणि चालायला वाट?

मूळखोड: न खोदता करा. जमिनीवर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं जाड कृत्रिम कापड), त्यावर बारीक चुरा नसलेली खडी, कडेला लाकडी पट्ट्या. ब्लॉक हवेच असतील तर फटीतून पाणी मुरणारे, सिमेंटशिवाय.

खतमाती: वाळक्या फांद्या तेवढ्या काढा, हिरव्या राहू द्या, सावरायला लागणारं अन्न त्याच पानांत तयार होतं. कापताना फांदीच्या मुळाशी असलेला फुगवटा शाबूत ठेवा, जखमेला रंग फासू नका. फरक दिसायला दोन-तीन पावसाळे जातात. पण बुंध्यावर भूछत्रं असतील किंवा लाकडी हातोड्याने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर आधी खालचा वावर बंद करून वृक्षतज्ज्ञाला बोलवा.