चेहरा न दाखवणं ही माघार की हक्क?

धागाकर्ती:
अमेरिकी कलाकार लॉर्ना सिम्पसन यांच्या ‘गार्डेड कंडिशन्स’ (१९८९) या फोटोंच्या कलाकृतीमध्ये साध्या पांढऱ्या झग्यातली एक कृष्णवर्णीय बाई पाठमोरी उभी आहे. हात मागे. तीच बाई सहा वेळा, प्रत्येक आकृती तीन पोलरॉइड (झटपट छापून येणारे फोटो) एकाखाली एक लावून जुळवलेली. खाली लिंग आणि वर्ण यांवरून होणाऱ्या हल्ल्यांचे शब्द पुन्हा पुन्हा. अमेरिकेत गुलामांच्या लिलावापासून पोलिसांच्या फोटोपर्यंत या शरीरांना कायम दुसऱ्यांनी न्याहाळलं. म्हणून चेहरा न देणं हा तिचा हक्क आहे, असं मी ठामपणे म्हणते.

प्रतिसाद १:
असहमत. संग्रहालयांच्या भिंतींवर कृष्णवर्णीय माणसं शतकानुशतकं होती कुठे? असलीच तर कोपऱ्यात, नोकर म्हणून. आता कुठे जागा मिळतेय, तर पाठ का फिरवायची? अमेरिकी कृष्णवर्णीय चित्रकार केरी जेम्स मार्शल यांनी १९८० मध्ये काळ्यावर काळं असं छोटं आत्मचित्र केलं. डोळे, दात आणि सदऱ्याचा पांढरा तुकडा एवढंच उठून दिसतं. पण ते तिथेच थांबले नाहीत. १९९७ च्या ‘पास्ट टाइम्स’मध्ये त्यांची माणसं तळ्याकाठी सहलीला आली आहेत, गोल्फ खेळताहेत, भल्यामोठ्या कॅनव्हासवर ऐसपैस. मला ते हवंय.

धागाकर्ती:
मलाही हवंय! पण त्या सहलीतल्या माणसांची त्वचाही गडद काळीच आहे ना? मार्शल वेगवेगळे काळे रंग वापरतात. मोबाइलवर सगळं सपाट दिसतं, चित्रापुढे थांबलं की त्या काळ्यातून गाल, कपाळ वर येतं. बघणाऱ्याला कष्ट घ्यायला लावणं तिथेही आहेच.

प्रतिसाद २:
अमेरिकी कृष्णवर्णीय चित्रकार टायटस कफार यांची ‘जेरोम प्रोजेक्ट’ ही चित्रमालिका विसरू नका. वडिलांची तुरुंगातली नोंद शोधताना त्यांना वडिलांच्याच नावाच्या इतर कैद्यांचे पोलिसी फोटो सापडले. त्यावरून त्यांनी सोनेरी वर्खावर चेहरे रंगवले आणि खालून डांबर चढवलं. सुरुवातीच्या चित्रांत, माणूस जितका काळ तुरुंगात, तितकं डांबर वर. त्या फोटोंनी घेतलेला खासगीपणा डांबराने थोडा परत दिला, असं मला वाटतं.

प्रतिसाद १:
पण ते डांबर ओठांवरून जातं, त्याचं काय? ज्यांचं आधीच कुणी ऐकलं नाही, त्यांचंच तोंड बंद. सिम्पसनच्या बाईने पाठ फिरवली, हे मी एकवेळ मान्य करेन. फोटोत तरी ते तिचं ठरवणं वाटतं. या माणसांवर डांबर चढवलं ते दुसऱ्याने.