व्हिएन्नात एकच रात्र: स्टेफान्सप्लाट्झपेक्षा लांडस्ट्रासे बरं

विमान बदलताना व्हिएन्नात एकच रात्र मिळाली की बरेच जण स्टेफान्सप्लाट्झला, म्हणजे शहराच्या अगदी मध्यातल्या चौकातच हॉटेल घ्यायचा विचार करतात. त्यापेक्षा वीन मिटे-लांडस्ट्रासे स्टेशनजवळ घ्या. विमानतळावरून एस७ लोकल साधारण २५ मिनिटांत थेट तिथे येते. महागड्या कॅट ट्रेनची (विमानतळाची खास जलद गाडी) खरंच गरज नाही. तिथून स्टेफान्सप्लाट्झ यू३ मेट्रोने दुसरं स्टेशन.

गफलत होते ती तिकिटात. २४ तासांचा पास फक्त शहराच्या हद्दीत चालतो, विमानतळ त्याबाहेर आहे. विमानतळ ते शहराची हद्द एवढ्या टप्प्याचं जोडतिकीट वेगळं काढा. शिक्का नसलेलं कागदी तिकीट प्रवासाआधी निळ्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या, नाहीतर दंड शंभर युरोंच्या वर.

रात्रभर मेट्रो फक्त शुक्रवारी, शनिवारी आणि सुट्टीच्या आदल्या रात्री. आणि भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पडायला शेंगेन व्हिसाच लागतो. विमानतळाच्या आतच विमान बदलण्यासाठी असलेला ट्रान्झिट व्हिसा चालत नाही.