पूर आला तर हॉस्टेल रिकामं करायचं कोणी ठरवायचं?

प्रश्न (बडोदा):
माझी मुलगी विद्यापीठाच्या हॉस्टेलला राहते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा तिच्या तळमजल्यावरच्या खोलीत गुडघाभर पाणी होतं. वॉर्डन म्हणाल्या, "वरून आदेश येऊ दे." शेवटी रात्री अकराला मुलींनीच गाद्या वर नेल्या. हा निर्णय नेमका कोणाचा असतो?

उत्तर (निवृत्त वॉर्डन):
ताई, तातडीच्या वेळी निर्णय घ्यायचा अधिकार साधारणपणे कुलगुरूंना असतो, विद्यापीठाच्या व्यवस्थापन मंडळाला नंतर कळवायचं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर. पण पाणी उंबऱ्याला लागल्यावर वाट बघत बसायचं नसतं, म्हणून तळमजला रिकामा करायचा अधिकार वॉर्डनला आधीच लेखी द्यावा. मी दर पावसाळ्याआधी पालकांचे नंबर वहीत उतरवून घ्यायचे, कारण वीज गेली की चार्जिंगही जातं. मेन स्विच पहारेकऱ्याला हात लावून दाखवायचे. पाणी सॉकेटपर्यंत चढायच्या आत तो बंद झालाच पाहिजे, नाहीतर शॉक लागून जीव जाऊ शकतो.

उत्तर (प्रश्न विचारणारी):
मावशी, त्या रात्री दिवे चालूच होते! सोमवारी जाऊन मेन स्विच स्वतः बघून येते, आणि लेखी अधिकाराचं पत्रही मागते.